खवल्यांचा मोगरा

आमच्या आळीत कुणी नवखा माणूस आत्याचं घर विचारत आला, तर त्याला खाणाखुणा सांगत बसावं लागत नसे. "मांडवीच्या रस्त्यानं उतरा, आणि ज्या घरापाशी पाय थांबतील ते तिचं," एवढं सांगितलं की पुरे. माणूस बरोबर तिथेच थांबायचा. थांबून हसायचाही.

तसं ते घर रत्नागिरीतल्या इतर घरांसारखंच होतं. जांभ्याच्या चिऱ्यांचं, नळ्यांच्या कौलांचं, मागे विहीर आणि चार माड. पण त्या घरातली एकही वस्तू तिच्या मूळ रंगात राहिलेली नव्हती. दाराच्या फळ्यांवर वेली, ओटीच्या खांबांवर मोर, पायरीवर कासव. सुपांच्या कडांना नक्षी, पाटांवर कमळं, रहाटावर पट्टे. तिनं गाईच्या शिंगांवरसुद्धा पांढरे ठिपके काढले होते. एकदा गुराख्यानं ओटीखालून तक्रार केली, "आत्यानू, ठिपक्यांमुळं बाकीची गुरं हिला जवळ करीत नाहीत."

"मग त्यांनाही घेऊन ये," आत्या म्हणाली. "सगळ्यांना काढत्ये."

ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. तिच्या एकुलत्या एक भावानं मुंबईला बिऱ्हाड केलं होतं आणि त्याची मुलं तिला फारशी ओळखतही नव्हती. पण आळी तिला आत्ये म्हणायची. आमची आई म्हणायची, मी म्हणायची, पोस्टमनही म्हणायचा. उंच, हाडकुळी, लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि नखांत कायम कसला ना कसला रंग. त्याच हातांनी ती जेवायची. आईला ते बघवत नसे.

रंग सगळे घरचे. जांभ्याचा दगड कुटून तांबडा, शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, समईच्या काजळीचा काळा, हळद, नीळ. केवड्याची मुळं ठेचून तिनं कुंचले केले होते, लहान बोटाएवढ्यापासून हातभर लांबीपर्यंत. "आत्ये, हल्ली बाजारात डब्यातून तयार रंग येतो," कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, "येवो बापडा. माझी न् त्याची ओळख नाही." रंगवताना ती वस्तूशी बोलत असे. दाराला म्हणायची, "हलू नको हां." आणि दार वाऱ्यानं हललं की खरोखर रागवायची.

हे सगळं असलं, तरी आत्याचा दरारा होता तो रंगांमुळे नव्हे. रुखवतामुळे. लग्नात मुलीकडची मंडळी मुलीच्या हातचं काम मांडवात मांडतात, तोरणं, फुलं, पोपट, हत्ती, रंगवलेले नारळ, आणि मुलाकडच्या बायका एकेक वस्तू उचलून विचारतात, "हे कशाचं? कुणी केलंन?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे एकच: "आमच्या मुलीनं." मग ते काकूनं केलेलं असो, शेजारणीनं केलेलं असो की मुंबईच्या मामानं पाठवलेलं असो. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही. आत्या बोलायची.

ती मुलींना रुखवताचं काम शिकवायची. घरच्या मागच्या पडवीत, फुकट. पण तिची अट अशी की ती स्वतः वस्तूला हात लावणार नाही. मुलगी रडकुंडीला येवो, मुहूर्त तोंडाशी येवो, आत्या पदराखाली हात घेऊन बसलेली असे. "मी सांगेन. करायचं तू. हात तुझे जायचेत सासरी, माझे नाहीत." आणि वस्तू पुरी झाली की ती पाटावर ठेवायची, आणि पाटाच्या कडेला बत्त्याचा असा ठोका हाणायची की आमचे प्राण कंठाशी येत. निखळली तर पुन्हा पहिल्यापासून. "लग्नघरात पोरं धावतात, म्हातारे ठेचकाळतात, विहिणी रागावतात," ती म्हणायची. "त्यातून उभं राहील ते रुखवत."

त्या पडवीत खुंटीला एक हत्ती टांगलेला होता. कापडाचा, आत कापूस भरलेला. चार पाय चार उंचीचे, सोंड लुळी, एक डोळा गुंजेचा आणि दुसरा नाहीच. इतक्या देखण्या वस्तूंत तो भिकार हत्ती बघून प्रत्येक नवी मुलगी विचारायचीच, आणि आत्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. तिच्या लग्नातलं रुखवत तिच्या काकूनं केलेलं होतं. वडील माणसांनी ठोकून दिलं, पोरीनं केलंन. सासर चिपळूणकडचं. सासरची माणसं इतकी खूश झाली की वर्षभरात नणंदेचं लग्न निघालं तेव्हा सासूनं चार बायकांदेखत हिच्यापुढे कापड न् कापूस टाकला. "तुझ्या रुखवतात होता तस्सा हत्ती कर बघू. इथंच बसून."

"हा केला," आत्या खुंटीकडे बोट करून सांगायची.

तो हत्ती त्यांनी गावभर दाखवला. नवराही जेवताना विचारायचा, काय गो, आमटी तू केलीस की काकूनं? पुढे ती माहेरपणाला आली ती परत गेली नाही. "ते न्यायला आले नाहीत, मी गेल्ये नाही. हत्ती तेवढा घेऊन आल्ये." मग उरलेल्या आयुष्यात ती बोटांनी करता येण्यासारखं जे जे म्हणून आहे ते सगळं शिकली. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही येत नसे. काल विहिरीला पाणी किती होतं ते सांगावं तशी सांगायची.

तर अशी ही बाई आळीतल्या प्रत्येक लग्नाला जायची. बोलावणं असो नसो. मांडवात रुखवताला लागून जो खांब असेल त्याला टेकून, हाताची घडी घालून उभी राहायची. जेवायला थांबायची नाही, ओटी भरून घ्यायची नाही. फक्त ऐकायची, मुलगी काय उत्तर देते ते. एका वकिलांच्या घरच्या लग्नात विहिणींनी मण्यांचं तोरण उचललं. मुलीची आई म्हणाली, "आमच्या बायोनं केलंन." खांबाकडून आवाज आला, "बायो मुंबईस दुकान काढून बसली होती वाटतं. चिठ्ठी लोंबत्ये अजून." आणि खरोखरच तोरणाच्या टोकाला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. वकिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या मुलीच्या लग्नाला ती तरीही खांबाशी हजर होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन घरी बसले होते. स्थळ गुहागरचं. मुलगा मास्तर, घरची नारळी-पोफळीची बाग. मुलाची आई मला बघायला आली ती दाभोळहून आगबोटीनं. कमी बोलणारी बाई. माझं गाणं ऐकायला मागितलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही. पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "हातानं काय येतं?"

मला काही येत नव्हतं. माझ्या हातांना घाम येई. साधा नव्हे, परीक्षेत कागद भिजून शाई फुटे, सुई गंजे, रांगोळी चिमटीतून सुटण्याऐवजी चिमटीलाच चिकटून बसे. वैद्याचं झालं, डॉक्टरांचं झालं, तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसणं झालं. हे सगळं आईला ठाऊक. पण स्थळ चांगलं होतं आणि आईच्या तोंडून शब्द निघून गेले.

"सगळं येतं हो! फुलं तर अशी करत्ये, हिच्या हातचा मोगरा बघाल तर वास घ्यायला वाकाल."

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी हात पदराखाली लपवले होते. "बरं," ती म्हणाली. "रुखवतात बघू."

ती गेल्यावर आई बराच वेळ पोह्यांच्या बशा उगाचच विसळत बसली. मग म्हणाली, "चल आत्यांकडे." तिचा बेत सरळ होता: आत्यांच्या हातापाया पडायचं आणि मोगरा करून घ्यायचा. आत्यानं तो बेत पुरता ऐकूनही घेतला नाही. "मुलीला ठेवून जा. तुम्ही जा," ती म्हणाली. आई गेली. मी हत्तीची गोष्ट ऐकली, आणि कामाला बसले.

कागदाचा मोगरा केला. पाकळी कातरेपर्यंत ती माझ्या बोटांत पोतेऱ्यासारखी लिबलिबीत व्हायची. भेंडाच्या पांढऱ्या गराच्या चकत्या काढून बघितल्या, भेंड तर पाणी प्यायलाच टपलेलं. त्या काळ्या पडून दुमडल्या. रेशमी कापडाला डाग पडले. चैत्र संपत आला होता, हवा अशी की नुसतं बसलं तरी अंग भिजावं. मी सगळा पसारा ढकलला आणि म्हटलं, "आत्ये, मला नाही जमायचं. देवानं हातच असले दिलेत."

"बघू हात," ती म्हणाली. तिनं माझे दोन्ही तळवे उघडे केले आणि बराच वेळ बघत बसली. मला वाटलं आता माझी कीव करणार. ती म्हणाली, "घाम थांबायचा नाही तो. मग घाम खपेल असं काम शोधायला हवं."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती परसात विहिरीपाशी मिरकरवाड्याच्या हमीदाशी बोलत उभी होती. हमीदा मासे घेऊन बाजारात बसायची. तिनं केळीच्या पानातून काहीतरी आणलं होतं आणि ते दगडावर ओतताना हसत होती. "घ्या आत्याबाई. घोळीचे हायत, मोठेमोठे निवडून आणलेत. लोक मासा नेतात, तुम्ही साल नेता!"

दगडावर माशाचे खवले होते. मी नाकाला पदर लावला आणि मागे सरले. आमच्या घरात मासळीवाली दारावरून गेली तरी आई ओटीवर पाणी शिंपडायची.

"आत्ये, हे कशाला?"

"तुझा मोगरा आहे तो."

मी घरी जायला वळले. ती पाठीमागून शांतपणे म्हणाली, "तुमच्या देवघरात शंख आहे ना गो? तो काय माडावर लागतो? आईचं सोवळं रेशमाचं ना? किड्यांनी विणलंन ते. आणि लग्नात नाकात नथ घालशील, तिच्यातले मोती कुठल्या बागेतले?" मी थांबले. "जायचं तर जा," ती म्हणाली. "सासूला सांग जाऊन, आई खोटं बोलली म्हणून."

मी परत फिरले. पटलं म्हणून नव्हे, दुसरा रस्ता नव्हता म्हणून.

खवले मिठाच्या पाण्यात, मग चुन्याच्या निवळीत, मग रिठ्याच्या पाण्यात. धुवायचे, उन्हात घालायचे, पुन्हा धुवायचे. हेही मीच केलं. आत्या माडाला टेकून सूचना करत होती. पहिले काही दिवस मी जेवले नाही धड. मग एका दुपारी सुपात वाळलेले खवले चमकताना बघितले आणि माझा हात आपोआप त्यांच्यात गेला. पांढरे, अर्धपारदर्शक, मोगऱ्याच्या पाकळीला असतो तसा मधेच किंचित दुधी. वाळलेला खवला कडक असतो. वाकवायला गेलं की तडकतो. तो भिजवून मऊ करावा लागतो, आणि जास्त भिजला की गुळगुळीत होऊन हातातून निसटतो. बेताची ओल लागते त्याला.

"मुठीत धर," आत्या म्हणाली.

मी मूठभर खवले तळहातात मिटून घेतले. थोड्या वेळानं मूठ उघडली तर खवले मऊ, नेमके हवे तसे. बोटानं दाबला की वळत होता आणि वळला की तसाच राहत होता. मी सुईनं भोक पाडलं, बारीक पितळी तार ओवली, पाकळीवर पाकळी बसवली. पहिलं फूल वाकडंच झालं. पण ते फूल होतं. माझ्या हातांनी केलेली आणि मोडून न पडलेली पहिली वस्तू. मी रडायलाच लागले. आत्या म्हणाली, "त्याच्यावर टिपं गाळू नको, जास्त भिजेल."

मग मी इरेला पेटले. सकाळची कामं उरकली की पडवीत. कळ्या, अर्ध्या उमललेल्या, पूर्ण उमललेल्या, देठांना हिरवा रेशमी धागा. बत्त्याच्या ठोक्यानं पहिली परडी विखुरली, पुन्हा केली. दुसरीही विखुरली, तार पिळायला चुकत होते मी. तिसरीच्या वेळी आत्यानं बत्ता दोनदा हाणला आणि एकही पाकळी हलली नाही. तेव्हा तिनं काय करावं? शाबासकी नाही दिली. आळीतल्या बायकांना बोलावून आणलं.

"या गो, बघायला या. ही फूल करत्ये."

मला मध्ये बसवलं, भोवती बायका. आणि आत्या माझ्या पाठीमागे उभी राहून नाकातून आवाज काढून बोलायला लागली, सासूसारखी. "शी! हे फूल म्हणायचं की आंबोळी? आईनं काही शिकवलंन की नुसतं वाढवलंन? बोटं आहेत का वांगी?" बायका खिदळत होत्या. माझे कान तापले, तार सुटली. "पुन्हा कर," आत्या तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली आणि पुन्हा सासू झाली. असं ती रोज करायची. माझा राग राग व्हायचा तिच्यावर. एक दिवस असा आला की ती बोलत होती आणि मला ऐकूच येत नव्हतं. फूल झाल्यावर मी वर बघितलं तर ती बोलायची थांबून माझ्या बोटांकडे बघत होती. खुंटीवरचा हत्ती तिच्या डोक्याच्या अगदी वर लोंबत होता.

आळीतल्या बायका बघून गेल्यावर गोष्ट आईपासून लपणार कशी? आई पडवीच्या दाराशी आली, आत नाही आली. तिनं परडी बघितली. क्षणभर तिच्याही चेहऱ्यावर आनंद आला, तो मी बघितला. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आत्ये, काय केलंत हो हे! ब्राह्मणाच्या मांडवात मासळी मांडायची? वरात माघारी जाईल!"

"मासळी नाही, मोगरा आहे तो," आत्या म्हणाली. "आणि तुमचाच शब्द होता, माझा नव्हे."

घरी आल्यावर आईनं मला जवळ बसवलं. आता दुसरं काही करायला दिवस उरले नव्हते. "विचारलं तर भेंडाची फुलं म्हण," ती म्हणाली. "भेंडासारखीच दिसतात. एवढा एक शब्द. तुझ्या जन्माचा प्रश्न आहे गो." ती हात जोडून सांगत होती. आईनं मुलीपुढे हात जोडलेले बघवत नाहीत.

मी आत्याला जाऊन सांगितलं. ती कोयरीला तांबडा रंग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "काय सांगायचं ते तू ठरव. मी खांबाशी असेन."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन झालं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. त्या दिवशी सकाळीच, मला हळद लागल्यावर, विहिणी रुखवत बघायला आल्या. मांडवात चौरंगांवर सगळं मांडलेलं. रंगवलेले नारळ होते, सुपाऱ्यांचं तुळशीवृंदावन होतं, आणि मध्यभागी माडाच्या हिरांच्या काड्यांनी विणलेल्या परडीत मोगरा. आत्या खांबाशी हाताची घडी घालून उभी. मी तिच्याकडे बघितलं. ती वर मांडवावरच्या माडाच्या झापांकडे बघत होती.

सासूबाई सरळ मध्यभागी आल्या. परडी उचलली, डोळ्यांपुढे धरली. आणि वाकल्या. नाक फुलांजवळ नेलं. आईचा चेहरा खुलला.

"हे कशाचं?" त्यांनी मला विचारलं.

"भें—" आईनं तोंड उघडलं.

मला काय झालं ते सांगते. भेंडाची म्हटलं असतं तर माझं लग्न निर्वेध झालं असतं. पण ती भेंडाची फुलं माझ्या हातांत काळी पडली होती. ही उभी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांना काही जमलं होतं आणि मी त्यालाच दुसरं नाव कसं देऊ?

"खवल्यांचा मोगरा आहे," मी म्हटलं. "माशाच्या."

सासूबाईंच्या शेजारी त्यांच्या जाऊबाई होत्या, त्यांचा हात परडीला लागलेला. त्यांनी तो असा झटकला की परडी सासूबाईंच्या हातातून उडाली, जमिनीवर पडली आणि गडगडत माझ्या पायाशी आली. "शिव शिव शिव! मांडवात मासे! अहो, आंघोळ करायला हवी आता! बोलवा पुरुषांना!" मागे कुणीतरी म्हणालं, "कसलं घर म्हणायचं हे!" बाबा ओटीवरून धावत आले. आई मटकन खाली बसली. बाहेर सनईवाला वाजवायचा थांबला. सगळं संपलं असं मला वाटलं, आणि तरी माझी नजर परडीवर होती. एकही पाकळी निखळली नव्हती.

सासूबाई पुढे आल्या, वाकल्या आणि त्यांनी स्वतः परडी उचलली.

"कुणी केलान?"

"मी."

"सगळा?"

"सगळा. पाकळी न् पाकळी."

"शिकवलं कुणी?"

"मी," खांबाकडून आवाज आला. "पण हात नाही हो लावला."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस," त्या म्हणाल्या. "एक कर बघू. इथंच बसून."

त्याच शब्दांत. आत्याचे घडी घातलेले हात सुटले. मी तिला इतक्या वर्षांत घाबरलेली कधी बघितली नव्हती, तेव्हा बघितली. तिचा चेहरा कुंकवापुरता सोडला तर पांढरा झाला होता. मग ती खांब सोडून पुढे आली, जे तिनं कुठल्याच लग्नात केलं नव्हतं. तिनं कनवटीची गाठ सोडली, चिमूटभर खवले, तारेचं वेटोळं आणि सुई माझ्यापुढे ठेवली.

"पाणी हवंय?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं, आणि खवले मुठीत घेतले.

भोवती बायका उभ्या होत्या, बोलत होत्या. "बोटं बघा पिवळी!" "नखरे तरी किती." "आईबापांना काही लाज?" आत्याच्या नाकातल्या आवाजापुढे ते काहीच नव्हतं. भीतीनं हात नेहमीपेक्षा जास्त घामेजले होते. खवले लवकर मऊ झाले. मी पाकळी वळवली. दुसरी बसवली. तार पिळली, जशी पिळायची तशी. हळदीचा हात लागून पाकळ्यांच्या कडांना किंचित पिवळेपणा आला, तेवढं एक झालं. फूल सासूबाईंच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते उलटं धरून झटकलं. पुन्हा सुलटं केलं.

"माझा जन्म गुहागरात गेला," त्या म्हणाल्या, माझ्याशी नाही, सगळ्यांशी. "घरामागे समुद्र आहे. परडी नाकाशी नेली तेव्हाच कळलं मला कशाचं आहे ते. म्हटलं बघू, पोर काय सांगत्ये." मग त्या जाऊबाईंकडे वळल्या. "आंघोळ करायची तर विहीर मागे आहे. मुहूर्ताला वेळ आहे अजून." आणि आईकडे. "तुम्ही म्हणाला होतात वास घ्यायला वाकाल. वाकल्ये हो."

आई हसली की रडली ते मला आजही सांगता येत नाही. जाऊबाईंनी खरोखरच आंघोळ केली. सासूबाईंनी मला एवढंच बजावलं, "देवघरात नाही यायचा हा मोगरा. ओटीवर राहील." आणि तो ओटीवर राहिला, पुढे वर्षानुवर्षं चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका विचारत, हे कशाचं, आणि सासूबाई म्हणत, तिला विचारा.

त्या दिवशी संध्याकाळी लग्न लागलं. आत्या जेवायला थांबली. पंगतीत बसून तिनं जिलबी दोनदा मागून घेतली आणि मठ्ठा आंबट झाल्याची तक्रार केली.

आता ती नाही. तिच्या भाच्यानं ते घर चुन्यानं पांढरं करून घेतलं, म्हणे. पावसाळ्यात भिंती भिजल्या की चुन्याखालून मोर दिसतात असं आळीतले लोक सांगतात. दिसत असतील. तिचे रंग पक्के होते.

लग्नाच्या वर्षी मी दिवाळसणाला माहेरी आले तेव्हा आधी तिच्याकडे गेले. पडवीत एक नवी मुलगी मान खाली घालून मणी ओवत होती आणि आत्या पदराखाली हात घेऊन तिच्यावर खेकसत होती. मला बघून म्हणाली, "ये. हात बघू. येतो अजून घाम?"

"येतो."

"येऊ दे."

मी बसले आणि सवयीनं वर बघितलं. खुंटी रिकामी होती.

"आत्ये, हत्ती कुठं गेला?"

"चुलवणात घातला," ती म्हणाली. "तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी."

नव्या मुलीचे हात थांबले, तेव्हा आत्यानं तिला ओरडून पुन्हा कामाला लावलं. मग माझ्याकडे वळून, काल विहिरीला पाणी किती होतं ते सांगावं तशी म्हणाली, "कापूस जुना, सुकलेला. बरा पेटला हो. पाणी कढत तापलं. मनसोक्त न्हायल्ये."